टायमिंग चेन ‘ताणली’ जात नाही, झिजते

लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली मोटार सकाळी सुरू करताच इंजिनाच्या चेनच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते आणि मग थांबते. गॅरेजमधले निदान ठरलेले असते: ‘चेन ताणली आहे.’ शब्द रूढ असला तरी भ्रामक आहे. त्याचा उलगडा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या कापडगिरण्यांत होतो.

गिरण्यांच्या यंत्रांसाठी सॅलफर्ड येथे जेम्स स्लेटर साखळ्या बनवीत. त्यांचा व्यवसाय १८७९ मध्ये मूळच्या स्वित्झर्लंडच्या हान्स रेनॉल्ड यांनी विकत घेतला. तोवरच्या साखळ्यांत पिनेवरचा सारा भार पातळ पट्ट्यांच्या छिद्रांच्या कडांवर येई आणि तो सांधा लवकर झिजे. रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या साखळीत पिनेभोवती पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवले. भार पिनेच्या लांबीभर विभागला गेला. पुढे मोटारीच्या इंजिनात आलेल्या रोलर चेनचे मूळ हेच.

झीज मंदावली, संपली नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासतच राहतात. समजा, शंभर सांधे असलेली ८०० मिलिमीटर लांबीची चेन आहे. प्रत्येक सांध्यात केवळ ०.०५ मिलिमीटर झीज झाली, तरी एकूण लांबी ५ मिलिमीटरने वाढते. पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात! काजळीने मळलेले तेल वेळेवर बदलले नाही, तर ही झीज वेगाने होते.

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक, हे प्रमाण लांबलेली चेनही पाळते. पण कॅमशाफ्ट काही अंशांनी मागे पडतो, झडपा उशिरा उघडतात, कमी वेगात गाडीचा जोर घटतो. आधुनिक इंजिनात दोन्ही शाफ्टवरचे सेन्सर ही तफावत पकडतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मात्र तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर बराच काळ हा सैलपणा झाकून ठेवतो. थंड इंजिनात दाब तयार होईपर्यंतची खडखड म्हणूनच महत्त्वाची. इंजिन तापल्यावरही ती टिकली, तर टेन्शनरची मर्यादा संपत आल्याची शंका घ्यावी.

आपल्याकडे अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत चेनच होती. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने रबरी दातेरी पट्टा रुळवला. २००८ पासून त्याच कंपनीच्या के-मालिकेतील इंजिनांत चेन परतली. पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलतात. चेनला असे वेळापत्रक सहसा नसते, आणि ती दात सोडून उडाली तर अनेक इंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळतो. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने ती रात्रभर उभी राहिल्यावर स्वतः सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात हा आवाज बहुधा ऐकूच येत नाही.