तबकडीवर तारीख नसते

दिवेआगरला सापडलेल्या मराठी ताम्रपटावर शके ९८२ कोरलेले आहे, म्हणजे इ.स. १०६०. व्यवहारातल्या माणसांची नावे आहेत आणि त्यांत घैसास हे कोकणात आजही नांदते आडनाव आहे. असे साधन हाती आले की अभ्यासकाचे निम्मे काम झालेले असते. याच किनाऱ्यावर, मुंबईत, १९३६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या एका तबकडीने मात्र मला कितीतरी अधिक दमवले.

रेक्स कंपनीची ही ७८ फेऱ्यांची तबकडी. रचनेचे नाव ‘ताजमहाल’, प्रकार फॉक्सट्रॉट, म्हणजे जोडीने नाचण्याची चाल. रचनाकार मेना सायलस, मुंबईतल्या बगदादी ज्यू समाजातले. वाद्यवृंद ‘क्रिकेट स्मिथ अँड हिज सिंफोनियन्स’. त्या काळी लेबलवर तारीख छापत नसत. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की खाचा संपतात तिथे, लेबलच्या कडेला, बारीक अंक दिसतात. तो साच्याचा क्रमांक. कंपन्यांचे असे क्रमांक एकमेकांशी ताडूनच ध्वनिमुद्रिकांच्या सूचीकारांनी वर्षे ठरवली. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरील आपल्या पुस्तकाला याच तबकडीचे नाव दिले.

स्मिथ कोण, हे तबकडी सांगत नाही. ते न्यूयॉर्कच्या नोंदींत सापडते. डिसेंबर १९१३ मध्ये जेम्स रीस युरोप यांच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाने व्हिक्टर कंपनीसाठी नृत्यसंगीत ध्वनिमुद्रित केले, त्यात हाच स्मिथ कॉर्नेट वाजवतो. म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीय वाद्यवृंदांच्या पहिल्यावहिल्या ध्वनिमुद्रणांतली एक फुंकर २२-२३ वर्षांनी अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात पोहोचली होती. हा दुवा जुळला त्या संध्याकाळी दुसरे काही वाचवेना.

स्मिथ मुंबईत आला कसा? १९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय बँड घेऊन ताजच्या नृत्यगृहात आला, स्मिथ त्यातला. ॲबी परतल्यावर सूत्रे स्मिथकडे आली, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्डकडे. इथवरचा क्रम पक्का. वेदरफोर्डचा शेवटही पक्का आहे: कलकत्ता, एप्रिल १९४५, कॉलरा.

ताजच्या या मंचावर गोव्याचे वादक होते, हेही निश्चित. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्या हाताखाली ट्रम्पेट वाजवत. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरे लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकत. अमेरिकेहून आलेला लिखित संगीताचा कागद समोर ठेवला की ती तो वाजवू शकत. केवळ कानावर शिकलेल्या वादकाला हे जमले नसते, आणि म्हणूनच पुढचा सगळा इतिहास घडला असे मला वाटते. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हिएर वाझ, जन्म १९१६, ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमध्ये स्वतःचा बँड चालवू लागले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे काय झाले? सर्रास दिले जाणारे उत्तर असे: १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नृत्यगृहे ओस पडली आणि वादक चित्रपटांकडे वळले. कायदा होता, त्याचा जाचही होता. त्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी त्यातली काही कलमे रद्द केली, पण बाकीचा कायदा उचलून धरला. तरी हे उत्तर मला अपुरे वाटते. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांचा ‘शहनाई’ हा चित्रपट १९४७ चा. नृत्यगृहातला ताल त्यात आधीच ऐकू येतो. स्टुडिओचा दरवाजा कायद्यापूर्वीच उघडला होता. कायद्याने फार तर गर्दी वाढवली.

सर्वांत बोलका पुरावा कागदाचा नाहीच. १९५१ चा ‘अलबेला’: दिग्दर्शक व नायक भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, संगीतकार सी. रामचंद्र. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक झालरींच्या पोशाखात प्रत्यक्ष पडद्यावर येतात. ताजच्या मंचावरचे वादक डोळ्यांनी पाहायचे तर ही एक जागा. मी ती दृश्ये थांबवून थांबवून पाहिली.

पण साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही. चित्रपटातले गाणे आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होते, चित्रीकरण नंतर. पडद्यावर वाद्य कोणाच्या हाती आहे हे चित्रफीत सिद्ध करते. आपण ऐकतो तो श्वास त्याचाच, हे नाही. दुसऱ्या बाजूला, चिक यांनी रामचंद्रांबरोबर काम केले हे निर्विवाद आहे. आणि ज्याने गाणे वाजवले त्यालाच कॅमेऱ्यापुढे उभे करणे दिग्दर्शकाला सर्वांत सोयीचे.

चिक १९६७ मध्ये गेले. ताजशेजारचे ग्रीन्स हॉटेलही गेले. त्या जागी १९७३ मध्ये ताजचा मनोरा उभा राहिला. माझ्या टिपणवहीत ‘अलबेला’पुढे दोन रकाने आहेत. चेहऱ्याच्या रकान्यात मी ‘निश्चित’ लिहिले. आवाजाच्या रकान्यात ‘बहुधा’ लिहिले आहे, पेन्सिलीने.