मुंबईतला जॅझ पियानो

गायकाविना उभे राहणारे, पियानोभोवती बांधलेले आणि जॅझच्या वळणाचे वाद्यसंगीत मुंबईत १९३५ च्या सुमारास रुजू लागले. त्याआधी शहरात पियानो नव्हता असे नाही. युरोपीय, पारशी, अँग्लो-इंडियन आणि गोवन कुटुंबांच्या दिवाणखान्यांत, मिशनरी शाळांत आणि क्लबांत तो होताच. आज धोबी तलावाला असलेल्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाची स्थापना १८६५ मधली. मात्र त्या पियानोंवर वाजे ते बहुतांशी कागदावर लिहिलेले संगीत. जॅझमध्ये लिहिलेली सुरावट केवळ निमित्त असते. तिच्या आधाराने वादक ऐनवेळी सुचेल ते रचत जातो. ख्यालाच्या श्रोत्याला उपज नवी नव्हती. नवी होती ती स्वरसंगती, म्हणजे एकाच वेळी तीन-चार स्वर दाबून तयार होणारा नाद. भारतीय गळ्याला आणि कानाला तिची सवय नव्हती.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. १९०३ साली सुरू झालेल्या या हॉटेलात नाचासाठी बँड आधीही असत, पण अमेरिकेच्या कृष्णवर्णीयांचा अस्सल जॅझ मुंबईने तेव्हा पहिल्यांदा समोर बसून ऐकला. अ‍ॅबीपाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आला आणि त्याच्याबरोबर पियानोवादक टेडी वेदरफर्ड. व्हर्जिनियात १९०३ मध्ये जन्मलेल्या वेदरफर्डने शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगसोबत काम केले होते. १९२६ मध्ये तो आशियात आला आणि शांघाय, सिंगापूर, मनिला अशी बंदरे करत मुंबईला पोहोचला. त्याच्या वाजवण्याचा पाया डाव्या हातात होता. एका मात्रेला खर्जातला स्वर, दुसऱ्या मात्रेला मधल्या सप्तकातली स्वरसंगती, अशी अखंड झेप तो हात घेई. या पद्धतीला ‘स्ट्राइड’ म्हणतात. तीत तालवाद्याचे कामही पियानोच करतो आणि उजवा हात सुरावटीसाठी मोकळा राहतो. १९३७ मध्ये पॅरिसला वेदरफर्डने एकट्याच्या पियानोच्या काही तबकड्या केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलात होता. तिथेच एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता.

परदेशी वादक येत आणि जात. मुंबईत हे संगीत टिकवले ते गोव्याच्या लोकांनी. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे, व्हायोलिन वाजवणे आणि समूहात गाणे शिकवले जाई. शिकवणारा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, गावातला मानाचा माणूस असे. नोकरी मात्र गावात नव्हती. त्यासाठी वादक मुंबईला किनाऱ्याने बोटीतून येत, नाहीतर मुरगावहून लोंढा-पुणे मार्गे रेल्वेने. शहरात त्यांचा पहिला मुक्काम धोबी तलावाच्या परिसरातल्या गावोगावच्या ‘कूड’मध्ये असे. मोजक्या पैशांत झोपायला जागा, भिंतीकडेला एक ट्रंक आणि गावाचा संत. लिपी वाचता येणारा वादक हॉटेलला हवाच होता, कारण अमेरिकेहून आलेले छापील संगीत तो पाहताक्षणी वाजवू शके.

आल्दोनाचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ट्रम्पेटवर ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. मिकी कोरियाचा बँड ताजमध्ये १९३९ पासून दोन दशकांहून जास्त काळ होता. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड १९४६ मध्ये मसुरीला एका हॉटेलच्या बँडमध्ये असताना गांधीजींच्या सहवासाने भारावला आणि जॅझला भारतीय वळण कसे देता येईल याच्या शोधात लागला. नाचणाऱ्या जोडप्यांसाठी वाजवणाऱ्या वादकाला हा प्रश्न पडावा, यावरून त्या पिढीची ओढ कळते.

पुढचे वळण दारूबंदीने दिले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि हॉटेलांच्या नाचघरांचे उत्पन्न आटले, बँड लहान झाले. चर्चगेटच्या रस्त्यावरच्या रेस्टॉरंटांत आणि अ‍ॅम्बॅसिडर, अ‍ॅस्टोरियासारख्या हॉटेलांत छोटे संच पुढेही वाजत राहिले. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये टोनी पिंटोच्या पियानोला स्वतःचा श्रोता होता. परंतु घर चालवायला बहुतेकांनी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाची वाट धरली. या संगीताचा पुढचा स्वभाव घडला तो या सक्तीच्या स्थलांतरातून, असे म्हणायला हरकत नाही.

चित्रपटाला या वादकांची गरज होती, कारण संगीतकार चाल गाऊन दाखवत. चाळीस-पन्नास वादकांनी ती एकत्र कशी वाजवायची हे कोणीतरी लिहून द्यावे लागे. हे काम अरेंजरचे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी भगवानदादांच्या ‘अलबेला’साठी (१९५१) चिक चॉकलेटला सोबत घेतले आणि नाचघराचा ठेका थेट पडद्यावर आणला. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना लिहू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर आधारित वाद्यवृंदरचना सादर केल्या. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन हे त्यांचे विद्यार्थी.

गाण्याच्या प्रसंगात पियानो दिसतो तो पार्टीत. नायक पुढे बसलेला असतो आणि त्याची बोटे भलत्याच पट्ट्यांवर फिरत असतात. पियानोचे खरे काम ऐकू येते पार्श्वसंगीतात. तिथे मुखडा-अंतऱ्याचा साचा नसतो आणि शब्दही नसतात. पडद्यावरचा प्रसंग जितके सेकंद चालेल तितकेच संगीत लागते. संगीतकार गाण्यांत गुंतलेले असल्याने हा भाग बहुधा अरेंजर आणि वादकांच्या हाती जाई, आणि चाल लोकांच्या तोंडी बसण्याची अट तिथे कोणी घालत नसे. मध्यरात्रीचा ओला रस्ता, एकटी स्त्री, संशय, पश्चात्ताप यांसाठी जॅझमधले सातव्या-नवव्या स्वराचे जोड, ड्रमवर फिरणारे तारेचे ब्रश, दुरून येणारा सॅक्सोफोन आणि पेडल दाबून ठेवल्यामुळे एकमेकांत मिसळणारे पियानोचे स्वर वापरले जात. तिकीट काढून जॅझ ऐकायला कधीच न गेलेल्या प्रेक्षकाच्या कानाला या नादांची सवय चित्रपटगृहाच्या अंधारात झाली. लुसिला पाशेको यांच्यासारख्या पियानोवादक स्त्रीचे नाव श्रेयनामावलीत दिसले नाही तरी त्यांचा हात हजारो प्रेक्षकांनी ऐकलेला होता.

याच काळात अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपले जॅझवादक जगभर पाठवत होते. शीतयुद्धातली ही मुत्सद्देगिरी मुंबईच्या पथ्यावर पडली. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आला. या पियानोवादकाने मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवले, आणि प्रवासातले अनुभव त्याच वर्षीच्या ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ या अल्बममध्ये मांडले. मुंबईत त्याने ऐकलेला तरुण पियानोवादक एडवर्ड साल्डान्हा, म्हणजेच डिझी साल, १९५९ मध्ये अमेरिकेत लेनॉक्स आणि मग बॉस्टनच्या बर्कली संस्थेत शिकायला गेला. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टनचा ताफा आला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला, पुढे केनेडींच्या हत्येनंतर दौराच आवरता घ्यावा लागला. तरी त्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचना निघाली. तिच्या एका भागात दिल्लीत ऐकलेल्या मैनेची शीळ आहे. ठिकाणाचा भास केवळ वाद्यांतून उभा करायचा, अशी ही रीत.

पियानो आणि राग यांचे लग्न मात्र सोपे नाही. पियानोच्या सप्तकाचे बारा समान भाग असतात, म्हणून दरबारीचा आंदोलित गंधार त्यावर निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये स्वर नाही, तेव्हा मींडही नाही. जॅझच्या पियानोवादकांपुढे हीच अडचण ब्लूज वाजवताना होती. त्यांनी शेजारच्या दोन पट्ट्यांवरून बोट निसटते घेऊन स्वर वाकल्याचा भास निर्माण केला. कणस्वराच्या फार जवळची ही युक्ती. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने आणखी एक दार उघडले. त्यात स्वरसंगतींची भराभर बदलणारी साखळी सोडून वादक बराच वेळ एकाच स्वरमालेवर थांबतात. त्यातल्या पहिल्या रचनेची स्वरमाला म्हणजे आपला काफी थाट. बिल इव्हान्सचा पियानो तिथे स्वर मोजून टाकतो आणि मधल्या जागा रिकाम्या सोडतो.

मुंबईत या प्रश्नाला भिडणारी सर्वांत मोठी नोंद १९६८ मधली. शंकर-जयकिशन यांनी एचएमव्हीसाठी ‘रागा जॅझ स्टाइल’ हा अल्बम केला. अकरा रागांवरच्या अकरा रचना, एकही शब्द नाही. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, शिवाय गिटार, बास, बासरी आणि तबला. पुढे सतार असते. पियानो मागून रंग भरतो.

हा रंग प्रत्येक रागात सारखा बसत नाही, आणि अल्बम ऐकण्याजोगा आहे तो यामुळेच. कलावतीत सा, ग, प, ध आणि कोमल नी एवढेच स्वर. त्यातले सा-ग-प-कोमल नी एकत्र दाबले की ब्लूजची हक्काची स्वरसंगती आपोआप तयार होते; राग न मोडता जॅझ हाती येतो. शिवरंजनीत कोमल गंधार आणि शुद्ध धैवत एकत्र असल्याने षड्जावर जॅझचा आवडता उदास नाद मिळतो. मालकंस अडवतो. त्यात पंचम वर्ज्य, म्हणून षड्जावरची नेहमीची तीन स्वरांची संगतीच बांधता येत नाही. हाती लागतात ते मध्यमावरचे किंवा कोमल धैवतावरचे जोड, आणि ते वाजले की कानाला षड्ज हलल्यासारखा वाटतो. एकाच आधारस्वराभोवती फिरणारी रागाची दृष्टी आणि आधार सतत सरकवणारी स्वरसंगतीची दृष्टी यांचा झगडा इथे उघडा पडतो. अकराही रचना आटोपशीर असल्याने विस्ताराला जागा कमी आहे. रागसंगीताच्या जाणकाराला त्यात आलाप अपुरा वाटेल आणि जॅझच्या जाणकाराला मोकळी उपज. तरी स्वरांची निवड चोख आहे.

पुढच्या पिढीचे नाव लुई बँक्स. १९४१ मध्ये दार्जिलिंगला नेपाळी कुटुंबात जन्मलेले बँक्स कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर, ‘ब्लू फॉक्स’मध्ये वाजवत. आर. डी. बर्मन यांनी ‘मुक्ती’साठी (१९७७) त्यांचा पियानो वापरला आणि काही काळात बँक्स मुंबईकर झाले. इथे त्यांचे काम दोन पातळ्यांवर चालले. पोटापाण्यासाठी चित्रपट आणि शेकडो जाहिराती. मनासाठी गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासोबतचा इंडो-जॅझ संच आणि कर्नाटक गायिका रमामणी यांच्यासोबतचा ‘संगम’. कर्नाटक संगीतातल्या सात किंवा नऊ मात्रांच्या गणितावर पियानोची स्वरसंगती बसवण्याचा प्रयोग ‘संगम’मध्ये झाला. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चाल अशोक पत्कींची आणि वाद्यरचना बँक्स यांची.

व्यासपीठ मिळाले ते ‘जॅझ यात्रा’मुळे. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रंगभवनच्या खुल्या मंचावर हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आला. नंतर रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले असे कार्यक्रम थांबले.

दरम्यान वाद्यच बदलले होते. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणात सिंथेसायझर रुळवला. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला आणि त्याच्या काचेसारख्या नादाने गाण्यांतला पियानो बराचसा हटवला. मोठे वाद्यवृंद नव्वदच्या दशकात ओसरले आणि लिपी वाचणाऱ्या गोवन वादकांची रोजची कामे गेली. पण या यंत्रांनी दोन जुन्या अडचणी सोडवल्या. कोकणच्या दमट हवेत लाकडी पियानो फुगतो, तारा गंजतात, सूर उतरतो आणि तो लावणारे कारागीर मोजकेच. डिजिटल पियानोला यातले काही होत नाही. शिवाय कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चाकाने स्वर वाकवता येतो, म्हणजे मींडही निघते. भव्य पियानो ठेवायला दिवाणखाना लागे. जड पट्ट्यांचा कीबोर्ड, संगणक आणि हेडफोन एवढे सामान एखाद्या सदनिकेतल्या खोलीत मावते आणि शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही.

नव्या शतकात लोअर परळच्या मथुरादास मिलमधला ‘ब्लू फ्रॉग’ २००७ ते २०१६ या काळात अशा संगीताचे हक्काचे ठिकाण होता. त्याच भागात ‘ट्रू स्कूल ऑफ म्युझिक’मध्ये जॅझचे रीतसर शिक्षण सुरू झाले, आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये आजही जॅझचे कार्यक्रम होतात. बँक्स यांचा सहभाग असलेले ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ आणि जॉन मॅक्लॉफ्लिनचा ‘फ्लोटिंग पॉइंट’ हे २००८ मधले दोन्ही अल्बम ग्रॅमीच्या नामांकनात होते. पहिल्यात माइल्स डेव्हिसच्याच रचना भारतीय आणि अमेरिकन वादकांनी मिळून वाजवल्या आहेत, ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या काही धरून.