धूर नेमका कोणाचा?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तंजावर म्हटले की भोसल्यांची गादी आणि सरस्वती महालातील मोडी कागद आठवतात. राजवाड्याभोवतीच्या चार जुन्या रस्त्यांवर आज मोपेड, रिक्षा आणि बसगाड्यांची दाटी असते. सरकारी कामानिमित्त तेथे राहण्याचा योग आला, तेव्हा एका पीयूसी केंद्रावर मी चौकशी केली की गाड्या नापास कशामुळे होतात. मिळालेली उत्तरे देशातील कोणत्याही गावात मिळावीत अशीच होती. परंतु ती कालक्रमाने लावली, तर प्रशासनाचा एक बोधप्रद इतिहास हाती येतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे. नियम ११५ ने धुराला मर्यादा घातली. इंजिन जागेवर चालू असताना पेट्रोलच्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड ३ टक्क्यांहून, तर दुचाकी व तीनचाकीच्या धुरात ४.५ टक्क्यांहून अधिक नसावा, असे ठरले. डिझेलसाठी धुराची घनता मोजली जाऊ लागली. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडलेले तत्त्व यामागे दिसते: जो इतरांचे नुकसान करतो, त्याच्या हिशेबात ते नुकसान धरले गेले पाहिजे.

नापास होण्याची पहिली कारणे मालकाच्या हातची आहेत. एअर फिल्टर धुळीने चोंदला की हवा कमी पडते, पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड वाढतो. कार्बोरेटर बिघडला तरी तेच होते. जुन्या टू-स्ट्रोक मोपेडमध्ये पेट्रोलबरोबर ऑईलही जळते. ते प्रमाणाबाहेर घातले की निळा धूर निघतो. डिझेलच्या गाडीत नोझल झिजला, किंवा अधिक ओढ मिळावी म्हणून पंपातून जादा डिझेल सोडले, तर धूर काळा होतो. यांतील बहुतेक दुरुस्त्या दंडापेक्षा स्वस्त आहेत.

दुसरे कारण नियमातच दडलेले होते. स्पार्क प्लग खराब असेल तर न जळलेले पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन, तसेच बाहेर पडते. पण १९८९ च्या चाचणीत हायड्रोकार्बन मोजलाच जात नव्हता. तो पेट्रोल वाहनांसाठी ऑक्टोबर २००४ पासून मोजला जाऊ लागला. तोपर्यंत असे वाहन उत्तीर्ण होऊ शकत असे. शासन जे मोजत नाही, ते सहसा कोणी दुरुस्तही करीत नाही.

तिसरे कारण इंधनाचे. चार महानगरांत १९९५ पासून नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिसे असलेल्या पेट्रोलने हे उपकरण निकामी होते, आणि देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते फेब्रुवारी २००० मध्ये. स्वस्त रॉकेल आणि महाग इंधन यांच्या किमतींतील तफावतीने भेसळीला आमंत्रण दिले. भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केल्यामुळे इंडियन ऑईलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा २००५ साली उत्तर प्रदेशात खून झाला. अशा इंधनाने नापास होणाऱ्या गाडीच्या मालकाला कोणता दोष द्यावा?

शासनाने पुढे इंधन सुधारले. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ देशभर लागू झाले आणि डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आले. त्याआधी, २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा १०,००० रुपयांपर्यंत गेली होती. परंतु नापास वाहनाला समान नमुन्यातील नकारपत्र द्यावे, ही तरतूद २०२१ साली झाली. म्हणजे उत्तीर्णांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला अनुत्तीर्णांकडे नीट पाहावयास तीन दशके लागली.

माझ्या मते खरी माहिती या नकारपत्रांतच आहे. ती जिल्हावार आणि कारणवार एकत्र केली, तर कोठे देखभाल कमी पडते, कोठे इंधनाचा संशय घ्यावा आणि कोठे यंत्रच चुकते, हे उमगेल. तंजावरच्या दरबाराने आपल्या कारभाराचे मोडी कागद जपून ठेवले, म्हणून आज त्या राज्याचा अभ्यास करता येतो. नापासांचे कागद फेकून देणारे प्रशासन दंड वसूल करील. धूर कमी करण्यासाठी मात्र तो नेमका कोणाचा, हे आधी ठाऊक असावे लागते.