अयोध्या, काशी आणि आमचा ओटा

दिवाळीत नंदुरबारला आमच्या ओट्यावर बसलो की शेजारी विचारतात, "घरी परत केव्हा?" घरी म्हणजे पुण्याला! आणि पुण्यात रजा मागितली की साहेब म्हणतात, "घरी निघालात वाटते?" घरी म्हणजे नंदुरबारला. मग माझे घर कोणते?

अशा वेळी मला 'अयोध्येचा राजा' आठवतो. मराठीतला हा पहिला बोलपट १९३२ साली कोल्हापूरच्या 'प्रभात'ने काढला. दिग्दर्शक शांताराम, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई खोटे. कथा दोन नगरांची. अयोध्या सुटते, काशीत राजाला स्मशानाची चाकरी करावी लागते, राणीला दासीपण येते. शेवटी मात्र अयोध्या परत मिळते.

गंमत पाहा, ही कथा सांगणाऱ्या 'प्रभात'नेच पुढल्या वर्षी आपले गाव सोडले. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली, ती कायमची. 'संत तुकाराम' पुण्यातच घडला. पुढे कंपनी बंद पडली आणि १९६० साली त्याच जागेत चित्रपटविद्या शिकवणारी सरकारी संस्था सुरू झाली. पुराणातला राजा परतला, 'प्रभात' परतली नाही. तरी कोल्हापूरकर तिला आपली म्हणतात आणि पुणेकरही!

यंदा थोरले बंधू नंदुरबारचे घर विकायचे म्हणत आहेत. दोन्ही गावांनी आपले म्हणावे, हे 'प्रभात'चे भाग्य माझ्या वाट्याला कुठले? कागदावर सही करायची ती करीन; पण त्याआधी यंदाची पणती त्याच ओट्यावर लावणार आहे.