मेंदूस बसलेला हिसका आणि रक्ताचा ओघ

कुस्तींत किंवा हुतुतूंत मुलाचें डोकें जमिनीवर आदळतें. रक्ताचा थेंब नाहीं, टेंगूळही नाहीं. पण डोळ्यांपुढें अंधारी येते, मळमळतें, आणि पुढें कित्येक दिवस वाचावयास बसतांच डोकें ठणकतें. धुळें-जळगांवकडील तालमींना हा मुका मार अपरिचित नाहीं. अशा मुलास निजवून ठेवावें, डोकेदुखी समूळ जाईपर्यंत श्रम करूं देऊं नयेत, असें एकविसाव्या शतकाच्या आरंभींही बहुतेक डॉक्टर सांगत. उपाय दयाळूपणाचा खरा. पण तो मोजून पाहिलेला नव्हता.

व्यायामाचा परिणाम मोजून पाहावा, ही दृष्टि खानदेशांत अध्यापन केलेल्या एका गृहस्थांनीं फार पूर्वीं दाखविली होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं बडोद्यास राजरत्न माणिकरावांजवळ व्यायामाचे धडे घेतले. १९१६ सालीं ते अमळनेरास खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. योगक्रियांनीं शरीरांत नेमकें काय घडतें, हें केवळ श्रद्धेवर न सोडतां त्यांनीं १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळांत विद्यार्थ्यांच्या साह्यानें तपासलें. १९२४ सालीं लोणावळ्यास त्यांचें कैवल्यधाम निघालें, आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिकही.

मेंदूंतून रक्त किती वाहतें हें मोजण्याचें खात्रीचें साधन मात्र त्या काळीं कोणाजवळच नव्हतें. तें १९४५ च्या सुमारास अमेरिकेंत केटी व श्मिट या दोघांनीं शोधलें. माणसास थोडा हास्यवायु हुंगवावयाचा, आणि तो रक्तांतून मेंदूंत किती वेगानें मुरतो त्यावरून ओघाचा हिशेब करावयाचा, अशी ही युक्ति.

मेंदूचें वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढें. पण हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें सातवा हिस्सा, मिनिटास पाऊण लिटर, त्याला लागतो. पांझरेच्या फडांत पाटकरी जसा बेतानें पाणी सोडतो, तशा मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून हा ओघ सांभाळतात. रक्तांत कार्बन डायऑक्साइड वायु वाढला कीं त्या रुंदावतात. हिसका बसलेल्या कांहीं खेळाडूंत हाच कारभार बिघडतो. धांवतांना श्वास हवा तितका वाढत नाहीं, वायु सांचतो, रक्त फाजील चढतें आणि डोकें दुखूं लागतें. बफेलो येथील संशोधकांना असें आढळलें, कीं त्रासाच्या मर्यादेच्या आंत रोज बेताचा व्यायाम केल्यानें हा कारभार ताळ्यावर येतो. त्यांनीं १९१९ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१९ सालीं, १०३ मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. रोज वीस मिनिटें असा व्यायाम करणारीं साधारण १३ दिवसांत बरीं झालीं. नुसते अंग ताणण्याचे प्रकार करणाऱ्यांस १७ दिवस लागले. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलास हे चार दिवस थोडे नव्हेत.

येथें कोणी शीर्षासनाची आठवण काढील. डोकें खालीं केलें म्हणजे घागरींत पाणी ओतावें तसें रक्त मेंदूंत जातें, ही समजूत बाळबोध आहे. आणि मार बसलेल्या डोक्यावर शरीराचा भार देणें तर धोक्याचेंच. २०२२ सालीं ॲमस्टरडॅम येथें भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें क्रम घालून दिला तो साधा आहे: पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांति, मग चालणें, त्यानंतर हळूहळू अधिक श्रम. कुस्ती मात्र डॉक्टरांच्या संमतीशिवाय नाहीं, कारण पहिला मार भरून येण्यापूर्वीं दुसरा बसला तर जिवावर बेतूं शकतें. आणि मुलास वारंवार ओकारी होऊं लागली, गुंगी वाढूं लागली किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर व्यायामाचा विचारच न करतां त्याला तात्काळ इस्पितळांत न्यावें.