जमीन हलली की आभाळाला कळतं का?

मार्कंड्याच्या देवळावरचं संकट आभाळातून आलं होतं. वैनगंगेच्या काठावरच्या या मुख्य मंदिरावर वीज पडली आणि शिखराचा भाग खाली कोसळला, असं जुन्या नोंदी सांगतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत ही गोष्ट मी अनेकदा ऐकलीय. सध्या मला याच्या उलटा प्रश्न पडलाय. जमिनीतून वर आभाळात काही जातं का?

प्रश्नाचं कारण ४ डिसेंबर २०२४ची सकाळ. ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणाच्या मुलुगु जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सम्मक्का-सारक्काची मेडारम जत्रा भरते तोच हा जिल्हा. गडचिरोली, चंद्रपूर, पार नागपूरपर्यंत भांडी वाजली. असा धक्का बसला की एक मेसेज हमखास फिरतो: 'उपग्रहांना आधीच कळलं होतं.' खरंच कळतं का, हे शोधायला गेलं की साठेक वर्षांचा इतिहास हाती लागतो.

आधी आपल्या पायाखालचं. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. हे सगळं खोरं म्हणजे फार जुन्या काळी जमीन ताणली जाऊन पडलेली भेग. त्या खचलेल्या पट्ट्यात गाळ साठत गेला. चंद्रपूरचा कोळसा त्यातलाच, सिरोंचा भागातले डायनोसॉरचे जीवाश्मही त्याच गाळाच्या खडकांतले. ही जुनी भेग पूर्ण शांत नाही. १३ एप्रिल १९६९ला याच खोऱ्यात, भद्राचलमजवळ, मोठा धक्का बसला होता.

आता वरचं. जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरच्या वर सूर्यकिरण हवेच्या कणांमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या थराला आयनांबर म्हणतात. १९५७मध्ये स्पुटनिक उडाला आणि त्याची बीप-बीप या थरातून खाली येऊ लागली. ती वाटेत कशी बदलते, यावरून वरच्या इलेक्ट्रॉनांचा अंदाज बांधता येतो हे संशोधकांनी ओळखलं. उपग्रहाचा सिग्नल हीच मोजपट्टी झाली.

भूकंपाचा धागा जुळला तो मार्च १९६४मध्ये. अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दूरदूरच्या केंद्रांवर आयनांबरात हेलकावे नोंदले गेले. कारण सोपं आहे. मोठ्या भूकंपात जमीन नगाऱ्याच्या कातड्यासारखी वरखाली होते. त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज वर निघतो. वर हवा विरळ होत जाते, तशी ही लाट हजारो पटींनी फुगते. आठ-दहा मिनिटांत ती आयनांबरात पोहोचते आणि तिथले इलेक्ट्रॉन ढकलते.

जीपीएसमुळे हे मोजणं सोपं झालं. प्रत्येक उपग्रह एकाहून जास्त फ्रीक्वेन्सींवर बोलतो. आयनांबर कमी फ्रीक्वेन्सीच्या सिग्नलला जास्त उशीर लावतं. दोन सिग्नलांच्या उशिरातला फरक काढला की वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते कळतं. १९९४मध्ये लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजला ६.७चा भूकंप झाला. त्याचा तरंग कॅले आणि मिन्स्टर या संशोधकांनी जीपीएसच्या नोंदींत दाखवला.

यात आपल्या महाराष्ट्राची संस्थाही आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी ठेवल्या जात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी उपकरणं बिघडणार, म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला गेलं. त्याच परंपरेतली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज पनवेलला आहे. २५ एप्रिल २०१५च्या नेपाळ भूकंपानंतर तिथल्या सी. डी. रेड्डी आणि गोपी सीमला यांनी जीपीएसच्या नोंदी तपासल्या. त्यांना दोन तऱ्हेचे तरंग दिसले. एक थेट भूकंपाच्या जागेवरून वर गेलेला. दुसरा जमिनीच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या लाटांनी वाटेत वर सोडलेला.

पण हे सगळं भूकंपानंतरचं. आधीचं काय? २०११च्या जपानच्या महाभूकंपानंतर कोसुके हेकी यांनी दावा केला की, धक्क्याच्या सुमारे ४० मिनिटं आधी वरचे इलेक्ट्रॉन वाढले होते. इतर संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले आणि वाद मिटलेला नाही. भूकंपाचे संकेत टिपायला फ्रान्सने २००४मध्ये 'डिमेटर' उपग्रह सोडला होता. तो २०१०पर्यंत चालला, पण भरवशाचा इशारा काही हाती आला नाही. अडचण अशी की आयनांबर भूकंपाशिवायही सतत हलत असतं. सौरवादळाने हलतं, ऋतूनुसार बदलतं. भारतावर तर सूर्यास्तानंतर त्यात मोठमोठे बुडबुडे उठतात.

दुसरी अडचण आपल्याला जास्त लागू आहे. साधारण ६.५च्या खालचा भूकंप वर ठळक खूण सोडतच नाही. मुलुगुचा धक्का ५.३चा होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६.२चा, आणि त्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. म्हणजे महाराष्ट्राचा सर्वांत जीवघेणा भूकंप या तंत्राच्या उंबरठ्याखालचा होता. मग तो मेसेज फॉरवर्ड करताना आपण नक्की कशावर विश्वास ठेवतो?

तंत्र निरुपयोगी आहे असं मात्र नाही. समुद्राखालच्या महाभूकंपात पाणी उचललं गेलं की तरंग वर जातो, आणि त्सुनामी दूरच्या किनाऱ्यावर पोहोचण्याआधी तो दिसू शकतो. नासाची 'गार्डियन' प्रणाली हेच काम करते. तुमच्या खिशातला फोनही यात आहे. २०१८पासून दोन फ्रीक्वेन्सी पकडणारे फोन बाजारात आले. नोव्हेंबर २०२४मध्ये, मुलुगुच्या धक्क्याच्या तीनच आठवडे आधी, गुगलच्या संशोधकांनी लाखो अँड्रॉइड फोनच्या नोंदींवरून आयनांबराचा नकाशा काढून दाखवला. भारतावरचे ते बुडबुडेही त्यात दिसले. जिथे महागडी केंद्रं विरळ आहेत, तिथे फोन कामाला येतील.

तोवर आपल्या हातात काय आहे, हे किल्लारीनेच दाखवलंय. तिथे माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि वरच्या जड माळवदाखाली. भिंतींना चहूबाजूंनी बांधून धरणारा सिमेंट-सळईचा पट्टा असता, तर कितीतरी घरं तगली असती. आपल्याकडे आता गावोगाव घरकुलं उभी राहतायत. पुढचा मेसेज आला की आभाळाकडे बघण्याआधी मी घराच्या भिंतीत तो पट्टा आहे का ते बघेन. तुम्हीही बघा.