राष्ट्राभिमान व रूढिरक्षण

राष्ट्राभिमानी आणि पुराणमतवादी हीं दोन विशेषणें राजकीय पक्षांना आज इतक्या सहजपणें एकत्र लावलीं जातात कीं, त्यांची जोडी जन्मापासूनचीच असावी असें वाटूं लागतें. इतिहास पाहिला तर तसें दिसत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांतील राष्ट्रवादी हा बंडखोर होता, आणि पुराणमतवादी हा त्याच्यावर पहारा ठेवणारा होता. इटली हें एक राष्ट्र व्हावें या ध्यासापायीं मॅझिनीला आयुष्याचा मोठा भाग परदेशांत काढावा लागला; आणि ऑस्ट्रियाचा मेटर्निख राष्ट्र या कल्पनेलाच भीत असे, कारण ती रुजली तर आपल्या बादशहाचें बहुभाषी साम्राज्य दुभंगेल हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

मग या दोघांचें सख्य जुळलें तरी कसें? याचें उत्तर मताधिकाराच्या विस्तारांत सांपडतें. जुनीं मराठी वृत्तपत्रें ज्याला हुजूर पक्ष म्हणत, तो इंग्लंडांतील पक्ष मुळांत जमीनदारांचा व धर्मपीठाचा. १८६७ सालीं शहरांतील कामगारांच्या मोठ्या वर्गाला मत मिळालें, आणि तेंहि डिझरायली या त्याच पक्षाच्या नेत्याच्या हातून. सरदारांची इस्टेट शाबूत राहावी म्हणून गिरणीकामगार मत देणार नाहीं. राष्ट्राचें वैभव वाढावें म्हणून मात्र कदाचित् देईल. १८७२ सालच्या क्रिस्टल पॅलेसमधील भाषणांत डिझरायलीनें जुन्या संस्थांचें रक्षण, साम्राज्याचें रक्षण आणि सामान्य जनांच्या स्थितीची सुधारणा हीं तीन उद्दिष्टें एका दाव्याला बांधलीं. जर्मनींत बिस्मार्कनें हेंच अधिक कठोरपणें केलें. १८७१ सालीं एकीकरण साधल्यावर त्यानें एका हातानें समाजवाद्यांचें दमन केलें व दुसऱ्या हातानें १८८३, १८८४ आणि १८८९ सालीं आजार, अपघात व वार्धक्य यांविषयींच्या विम्याचे कायदे करून मजुराला राज्याशीं जखडून टाकलें. सिंहासनाच्या जागीं राष्ट्र आलें, आणि रूढीच्या रक्षणाला लोकमताचा पाठिंबा मिळूं लागला.

आपल्याकडे ही गोष्ट निराळ्या वाटेनें घडली. येथें सिंहासनच परक्याचें होतें. चालू राज्यव्यवस्था टिकवूं पाहणारा इकडे राष्ट्राभिमानी ठरणें शक्य नव्हतें. राज्य, न्यायालय, तिजोरी व फौज हीं सर्व हातची गेल्यावर रक्षण करण्यास उरलें काय? घर, जात आणि धर्मविधि. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं सुरू केलेल्या निबंधमालेंतून सुशिक्षितांच्या मनांत स्वत्वाचा जो अभिमान जागा झाला, त्याला कृतीचें क्षेत्र राज्यकारभारांत मिळेना. तो माजघराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. आणि माजघरांत कोण होतें, तर स्त्रिया व लहान मुली. या पक्षाचा पुढील सारा इतिहास समजण्यास ही एवढी गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे.

पहिला मोठा प्रसंग रखमाबाईंच्या खटल्याचा. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें मोठेपणीं पति दादाजी भिकाजी याच्या घरीं नांदावयास जाण्याचें नाकारलें. दादाजीनें मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तो फेटाळला. अपिलांत निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फर्रन यांनीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिन्यांची कैद भोग, असें फर्माविलें. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. शेवटीं १८८८ सालीं दादाजीनें दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. टिळकांच्या 'मराठा' पत्रानें या वादांत हिंदु विवाहसंस्थेच्या रक्षणाची, म्हणजे रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली होती.

या खटल्यांत दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्यांकडे रूढिरक्षकांचें लक्ष गेलें नाहीं, किंवा त्यांनीं तें जाऊं दिलें नाहीं. ज्या उपायाचें हिंदु परंपरा म्हणून समर्थन चाललें होतें, तो वैवाहिक हक्क परत मिळविण्याचा दावा मूळचा इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतला होता. हिंदु धर्मशास्त्रांत त्याला आधार नाहीं हें पिन्हीसाहेबांनींच दाखविलें होतें. दुसरें असें कीं, रखमाबाईंची ज्ञात सुतारांची, आणि त्यांच्यांत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. तिच्या आईनेंच वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं लग्न केलें होतें. म्हणजे 'आपली परंपरा' म्हणून जिचा कैवार घेतला गेला, ती अंशतः सातासमुद्रापलीकडून आलेली, आणि अंशतः एका वरच्या थरांतील लोकांनीं सर्वांची म्हणून मानलेली अशी होती.

दुसरा प्रसंग संमतिवयाच्या कायद्याचा. १८६० च्या दंडसंहितेनें मुलीच्या संमतीचें वय दहा ठरविलें होतें, आणि तें विवाहित मुलीसहि लागू होतें. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाच्या बालिकेच्या मृत्यूचा खटला चालला. तिनें दहा वर्षें ओलांडलीं असल्यामुळें प्रौढ पतीला त्या मुख्य गुन्ह्याचें कलम लागूंच शकलें नाहीं. जानेवारी १८९१ मध्यें तें वय बारा करण्याचें विधेयक मांडलें गेलें आणि १९ मार्च रोजीं त्याचा कायदा झाला. मधल्या अडीच महिन्यांत महाराष्ट्र व बंगाल हे दोन्ही प्रांत ढवळून निघाले. डॉ. भांडारकरांनीं धर्मशास्त्राच्या आधारेंच कायद्याला अनुकूल मत दिलें. टिळकांनीं 'केसरीं'तून त्यांचें खंडन केलें.

टिळकांवर अन्याय होऊं नये म्हणून येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते बालविवाहाचे भक्त नव्हते. १८९० सालींच त्यांनीं सुधारकांपुढें अशी सूचना ठेवली होती कीं, मुलींचीं लग्नें सोळा व मुलांचीं वीस वर्षांपूर्वीं करूं नयेत, चाळिशीनंतर पुरुषानें लग्न करूं नये, केल्यास विधवेशीं करावें, हुंडा घेऊं नये, विधवांचें वपन करूं नये. आणि ज्यांना हें मान्य असेल त्यांनीं प्रथम स्वतःस बांधून घ्यावें. हे नियम कायद्याच्या कितीतरी पुढें होते. त्यांचा आक्षेप असा कीं, समाजाचें वळण बदलण्याचा अधिकार समाजाचा आहे, परकीय सरकारचा नव्हे; आज एक दार उघडलें कीं उद्यां सारें घर त्याच्या ताब्यांत जाईल. हा आक्षेप पोकळ नव्हता. ज्या कायदेमंडळांत लोकांनीं निवडून दिलेला एकहि प्रतिनिधि नाहीं, त्यानें लोकांचे संस्कार ठरवावे काय, हा प्रश्न कोणत्याहि स्वाभिमानी मनुष्यास पडण्यासारखाच होता.

परंतु याच प्रश्नाचें दुसरें उत्तरहि त्याच काळीं दिलें गेलें होतें. राजकीय सुधारणा आधीं असा पक्ष १८८६ सालीं मांडणारे न्यायमूर्ति तेलंग १८९१ सालीं मात्र या विधेयकाच्या बाजूनें उभे राहिले. त्यांच्या दृष्टीनें मुलीचा जीव वांचविणें हा समाजसुधारणेचा नव्हे, राज्याच्या प्राथमिक कर्तव्याचा विषय होता. खुनाचा कायदा परक्याचा म्हणून कोणी नाकारीत नाहीं. मग बालिकेच्या रक्षणाचा कां नाकारावा? या प्रश्नाला राष्ट्रीय पक्षाकडून समाधानकारक उत्तर कधींच मिळालें नाहीं. सूचना स्वेच्छेची होती, आणि ज्या बालिकेच्या देहाविषयीं वाद चालला होता तिला मात्र स्वेच्छा नव्हती.

या वादांतूनच पुण्यांत पक्षाची घडण झाली. १८९५ सालीं सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हातीं गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस भरलेल्या काँग्रेसच्या मंडपांत सामाजिक परिषद भरवूं नये असा आग्रह इतका वाढला कीं, न्यायमूर्ति रानड्यांनीं ती दुसरीकडे नेली. पुढल्या वर्षीं रानडे व गोखले यांनीं डेक्कन सभा काढली. बहुजनांस राजकारणांत आणण्याचें काम या राष्ट्रीय पक्षानेंच केलें, हें खरें. पण बहुजनांची परंपरा कोणती, हा प्रश्न त्यानें टाळला. सत्यशोधक समाज १८७३ सालीं स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांनीं तो आधींच विचारला होता. १९०१ सालीं वेदोक्ताच्या प्रकरणांत 'केसरी'नें छत्रपति शाहूमहाराजांच्या विरुद्ध पुरोहितवर्गाचा पक्ष घेतला तेव्हां त्याचें उत्तर मिळाल्यासारखें झालें. डिझरायली व बिस्मार्क यांनीं रूढिरक्षणाची किंमत म्हणून मजुराला कांहीं तरी दिलें होतें. आपल्या पक्षाला तें सुचावयास १९२० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं टिळकांनीं काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, आणि कांहीं महिन्यांतच त्यांचा अंत झाला.

'परक्याचा कायदा नको' या युक्तिवादाची खरी कसोटी परके गेल्यावर लागावयाची होती. ती हिंदु कोडाच्या वेळीं लागली. आतां कायदेमंडळ आपलें होतें, आणि कायदेमंत्री डॉ. आंबेडकर होते. तरीहि हिंदुमहासभा व रामराज्य परिषद यांनीं विरोध केला, काँग्रेसमधीलहि अनेकांनीं केला. युक्तिवाद एवढाच बदलला कीं, या हंगामी संसदेला लोकांचा कौल नाहीं. सप्टेंबर १९५१ मध्यें आंबेडकरांनीं राजीनामा दिला. लोकांनीं निवडलेल्या संसदेनें १९५५ व १९५६ सालीं चार कायदे केले, तेव्हांहि विरोध संपला नाहीं. विरोध परकेपणाला होता कीं बदलाला, याचा निवाडा त्या चार वर्षांनीं करून टाकला. रखमाबाई इंग्लंडांत शिकून डॉक्टर झाल्या होत्या व सुरत, राजकोट येथें त्यांनीं आयुष्यभर रुग्णसेवा केली होती. विवाहाचा कायदा मे १९५५ मध्यें झाला आणि त्याच सप्टेंबरांत त्या निवर्तल्या. दादाजीनें मागितलेला तो दावा मात्र नव्या कायद्याच्या नवव्या कलमांत तसाच राहिला. इंग्लंडनें तो १९७० सालीं रद्द केला. आपण अद्याप सांभाळून ठेवला आहे.

इतर देशांकडे पाहिलें तरी हाच धागा हातीं लागतो. जर्मनींतील राष्ट्रीय पुराणमतवाद्यांनीं जानेवारी १९३३ मध्यें हिटलरशीं हातमिळवणी केली ती त्याला आपण वेसण घालूं या भरंवशावर. जून संपण्यापूर्वींच त्यांचा पक्ष विसर्जित झाला. पोलंडमध्यें २०१५ सालीं सत्तेवर आलेल्या पक्षानें मुलांमागें दरमहा ५०० झ्लॉटी देण्याची योजना काढून गरिबांचीं मनें जिंकलीं. पण २०२० सालीं तेथील घटनान्यायालयानें गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली तेव्हां स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि २०२३ सालीं तो पक्ष सत्तेवरून गेला. राष्ट्र धोक्यांत आहे असें म्हटलें कीं पहारा प्रथम स्त्रीच्या देहावर बसतो, हें पुणें आणि वॉर्सा या दोहोंच्या इतिहासांत सारखेंच दिसतें.

तथापि या पक्षाचें कार्य निव्वळ अडवणुकीचें होतें असें म्हणणें इतिहासाशीं प्रतारणा होईल. आमच्या नवी मुंबईची आंखणी करणारें सिडको १९७० सालीं स्थापन झालें. नकाशावर काढलेल्या या शहरांत वाडा नाहीं, आळी नाहीं. तरी भाद्रपद आला कीं सेक्टरा-सेक्टरांत गणपतीचे मंडप उभे राहतात आणि एका जिन्यावर राहून एकमेकांना न ओळखणारीं कुटुंबें आरतीला जमतात. सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ १८९३ सालची, म्हणजे संमतिवयाच्या वादानंतर अवघ्या दोन वर्षांची. घरांतल्या देवाला चौकांत आणणें ही त्या वेळीं रूढि नव्हती, नवी गोष्ट होती. राष्ट्रीय पक्षानें जें नवें उभारलें तें टिकलें. जें जुनें म्हणून अडवून धरलें, त्याचें समर्थन करणारा आज त्यांच्या अभिमान्यांतहि कोणी सांपडणार नाहीं. परंपरेचें रक्षण करूं म्हणणाऱ्या कोणत्याहि पक्षाला, मग तो कोणत्याहि देशांतला असो, वाचकांनीं एवढेंच विचारावें: ही परंपरा कोणाची, आणि तिची किंमत कोणाच्या पदरांतून घेतली जाणार आहे? १८९१ सालीं हा प्रश्न मोठ्यानें विचारला गेला असता, तर कांहीं मुलींचे प्राण वांचले असते, आणि राष्ट्राभिमानाला त्यामुळें कांहींहि उणेपणा आला नसता.